तोरिनोची नंबरप्लेट

इटलीतल्या आद्रिया गावात लोरिस मान्तोवानच्या पांढऱ्या फियाट ६००ला सगळे ‘गेलिंदोची गाडी’ म्हणत. गेलिंदो म्हणजे लोरिसचे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण गाडी पुसताना लोरिसचा हात असा हळू फिरायचा, की जणू वडिलांचीच पाठ चोळतोय. एकच गोष्ट त्याला सलायची. जुनी काळी नंबरप्लेट मागे चोरीला गेली होती आणि तिच्या जागी आजकालची पांढरी लावावी लागली होती. “म्हाताऱ्याच्या डोक्यावर पोराची टोपी,” असं तो म्हणायचा.

जुन्या गाड्यांना त्यांचा मूळ नंबर जुन्या घाटाच्या प्लेटवर परत मिळू लागला, तसा लोरिसने लगेच अर्ज टाकला. वडिलांचा रोविगो जिल्ह्याचा नंबर त्याला तोंडपाठ होता. चार महिन्यांनी वाहन नोंदणीच्या ऑफिसातून बोलावणं आलं. काउंटरवरच्या बाईने कोरी करकरीत काळी प्लेट पुढे सरकवली. पण रोविगोची अक्षरं हवी होती, तिथे दूरच्या तोरिनो शहराची होती.

“बाई, ही दुसऱ्या कुणाची तरी आहे.”

“तुमचीच आहे. तेव्हा गाडीचा जिल्हा बदलला की नंबरही बदलायचा. गाडीला लागलेला पहिला नंबर देतो आम्ही, तुमच्या आवडीचा नाही,” असं म्हणत तिने नोंदीचा कागद फिरवून त्याच्यासमोर धरला.

पहिली मालकीण, १९५९, तोरिनो : ओनोरिना क्रेपाल्दी, अविवाहित, शिवणकामगार. दुसरा मालक, १९६१, रोविगो : गेलिंदो मान्तोवान.

“कोण ही? ओळखता?”

“माझी आई,” लोरिस म्हणाला.

आईने उभ्या जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला त्याने पाहिला नव्हता. ती मांडीवर पर्स घेऊन बाजूला बसायची. ‘जरा हळू’ असंसुद्धा म्हणायची नाही. कुणी विचारलंच, की तुम्हाला चालवता येते का, तर वडील हसून सांगायचे, “हिला सायकल पेलत नाही!” आणि आईही हसायची.

तो घरी आला तेव्हा सत्याऐंशी वर्षांची ओनोरिना स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती.

“आई, ही गाडी कोणी विकत घेतली?”

“मी.” हात थांबले नाहीत.

“तू?”

“मग काय मांजरीने? चार वर्षं कारखान्यात गाड्यांच्या सीटा शिवल्या. एक दिवस म्हटलं, दुसऱ्यांच्या बुडाखालचं किती शिवायचं!”

“आणि तोरिनोहून इथवर आणली कोणी?”

“मीच. एकटीने. वाटेत पो नदीच्या पुलापाशी थांबून पाव खाल्ला. तुझ्या बापाला क्लच कुठे असतो तेही ठाऊक नव्हतं. बांधावर नेऊन मी शिकवलं. दोनदा चरात घातली त्याने.”

लोरिसने खुर्ची ओढली. “मग सोडलंस का?”

“लग्न ठरलं. तुझी आजी म्हणाली, सून चालवणार आणि माझा मुलगा शेजारी बसणार, मी चर्चमध्ये तोंड कसं दाखवू? गेलिंदो म्हणाला, वर्षभर कळ काढ. गाडी त्याच्या नावावर झाली. ते वर्ष काही संपलं नाही.”

“मला कधी बोलली नाहीस!”

“तू शाळेतून ‘माझ्या बाबांची गाडी’ असा निबंध लिहून आणलास. त्यावर मी काय काट मारायची होती?”

रविवारच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यासाठी त्याने ‘वडिलांच्या स्मरणार्थ’ अशी पितळी पट्टी करून घेतली होती. ती त्याने खिशातून काढून ओशाळून टेबलावर ठेवली. आईने ती चष्म्याजवळ नेऊन वाचली. “पितळ चांगलं आहे,” एवढंच म्हणाली. थोबाडीत बसली असती तरी लोरिसला इतकं लागलं नसतं.

“रविवारी चल ना. माझ्याशेजारी पुढे बस.”

“नको. त्या सीटवर पुष्कळ बसले.”

दुसऱ्या दिवशी प्लेट बसवल्यावर त्याने न बोलता किल्ली तिच्या हातात दिली. बुडाखाली उशी घेऊन ती बसली, आणि अंगणातून फाटकापर्यंत गाडी गेलीसुद्धा. मध्येच खर्रकन आवाज झाला. “दुसऱ्या गियरचं हे कोणी केलं?”

“तो पहिल्यापासून असाच आहे, आई.”

“पहिल्यापासून मी होते. लोण्यासारखा पडायचा.”

मेळाव्यात भोंग्यावरून ‘गेलिंदोची गाडी’ असं पुकारलं, तेव्हा लोरिस पुढे होऊन म्हणाला, “आईची. ओनोरिना क्रेपाल्दीची.” लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी म्हणालं, “ती? ती तर कधी बोलतसुद्धा नाही!”

गर्दीत त्याचा काका आल्दो होता, गेलिंदोचा धाकटा भाऊ. तो काठी टेकत जवळ आला आणि हळूच म्हणाला, “घरात आम्हा सगळ्यांना माहीत होतं रे.”

“सगळ्यांना?”

“हो. तीच कधी काही म्हणाली नाही, मग आम्ही कशाला विषय काढायचा?”

काकाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो कॉफीच्या टपरीकडे वळलाही होता.