जोडी मोडायची नाही

माझा राग पहिल्यापासून नाकावर. शाळेत मी पीटी शिकवायचे, गळ्यात शिट्टी असायची, आणि मुली आपसांत म्हणायच्या की ह्या बाईंना शिट्टीची गरजच नाही. तरी माझे राग लवकर उतरतात. बामणोलीच्या लाँचवर आलेला राग तेवढा अजून उतरलेला नाही. लोक म्हणतात, राग धरून ठेवू नये, पित्त वाढतं. वाढू दे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघी सांगलीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो. मी मूळची साताऱ्याकडची, ऊसवाल्या घरातली. घरचे निम्मे पुरुष पलटणीत. ती आटपाडीची. माधवनगरच्या एका गिरणीत सुताच्या खात्यात कामाला होती, आणि तिच्या केसांत कायम कापसाचे तंतू असायचे. सात-आठ वर्षांचा आमचा संसार झाला होता. मी संसारच म्हणते, दुसरा शब्द मला वापरायचा नाही. एका ताटात जेवायचो, एका अंथरुणावर झोपायचो. भांडायचो तेही नवरा-बायकोसारखं, म्हणजे आमटीतल्या मिठापासून सुरुवात आणि एकमेकींच्या घरच्यांवर शेवट. माझा तिच्यावर जीव होता, तिचा माझ्यावर. ती मला कधी नावानं हाक मारायची नाही. "ए, ऐक की," एवढंच. तिची आईही तिच्या वडिलांना असंच म्हणायची म्हणे.

गल्लीला यात काही वावगं दिसत नव्हतं. शेजारची काकू म्हणायची, "बरं हाय बाई, एकीला एक सोबत." सोबत! रात्री दाराला लावतात त्या अडसरालाही सोबतच म्हणावं मग.

त्या वर्षी तिच्या भावानं तिच्यासाठी स्थळ आणलं. म्हसवडचा बिजवर, पहिली बायको गेलेली, दोन मुलं. भाऊ मिलिटरीतून निवृत्त होऊन आटपाडीत डाळिंबाची बाग बघत होता. वडील लवकर गेले, तेव्हा त्यानंच हिला वाढवलेलं. आमच्याकडं आला की पिशवीभर डाळिंबं आणायचा आणि मला म्हणायचा, "बाई, तुमी हाय म्हनून मला भनीचा घोर न्हाई." या वेळी म्हणाला, "पुढच्या ऐतवारी तुला न्यायला येतो. मानूस बघून घे. वय चाललंय." तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण मी होते.

भाऊ यायच्या आधीच्या रविवारी आमच्या शिक्षकांच्या पतसंस्थेची सहल होती. सांगलीहून बसनं सातारा, कासवरून बामणोली, आणि तिथून कोयनेच्या धरणाच्या पाण्यात लाँचमधून चक्कर. सभासद आणि जोडीदार, असं ठरलेलं. मी तिला म्हटलं, "चल. चारचौघांसारखं एक दिवस जोडीनं फिरू. मग तुला काय ठरवायचं ते ठरव."

"पान्यात?" ती म्हणाली. "आमच्याकडं पानी बगायचं म्हंजे टँकरची वाट बगायची, आन् तू मला धरनात न्हेतीस व्हय? मला लय भ्या वाटतंय."

"मी शेजारी बसेन. हात सोडणार नाही."

"मग येते," ती म्हणाली.

सहलीचे म्होरके आमच्याच शाळेतले गणिताचे सर होते. माणूस भला. मी त्यांना सांगितलं की माझ्यासोबत ही येतेय. ते म्हणाले, "जोडीदार म्हणजे मिस्टर हो, बाई." मी म्हटलं, "मिस्टर नाहीत. ही आहे." सर हसले. "बरं बरं, मैत्रीण का! येऊ द्या, येऊ द्या. एवढी मोठी बस आहे." असं येऊ द्या म्हणणारी माणसं मला फार भेटली आयुष्यात. दार उघडून देतात आणि आत कुठं बसायचं तेही तेच ठरवतात.

बामणोलीला लाँच काठाला लागलेली होती. फळ्यांची बाकं दोन्ही कडेला, मधे इंजिन, वर पत्रा. फळीवरून आत जाताना तिनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. आम्ही दोघी एका बाकावर बसलो. तिनं डोळे मिटले होते. मी तिला म्हटलं, "उघड, बघ तरी, किती निळं आहे," तर म्हणाली, "तूच बग आन् मला सांग."

सगळी मंडळी चढल्यावर लाँचवाला काठावरून बघत म्हणाला, "आवं, ह्या अंगाला कललीया. वजन सारकं कराय पायजे. दोन मानसं तिकडं सरका."

लाँचवाल्याला कुणीही चाललं असतं. त्याला फक्त वजन हवं होतं. सरांनी नजर फिरवली. आमच्या बाजूला सगळी जोडपी. एक मॅडम उठायला लागल्या, तर सर म्हणाले, "नको नको, मॅडम, जोडी कुणाची मोडायची नाही." मग आमच्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुम्ही दोघी मोकळ्या. तुमच्या मैत्रिणीला तिकडं बसू दे. आणखी एक जण मी जातो, आमच्या मिसेस तिकडंच बसल्यात."

मी म्हटलं, "ती माझ्याजवळच बसेल. तिला पाण्याची भीती वाटते."

"अहो बाई, दहा फुटांवर तर आहे," ते म्हणाले, आणि सगळे हसले. लाँचवाला घाई करत होता. ती माझ्या कानाशी म्हणाली, "राहू दे. जाते मी," आणि वाकून, बाकं धरत धरत पलीकडं गेली. तिच्या जागी डिझेलचा डबा ठेवला. खरंच ठेवला. इंजिन सुरू झालं तसा तो माझ्या पायाला लागून थरथरत राहिला, आणि पलीकडं ती पत्र्याचा खांब दोन्ही हातांनी धरून बसली. दर दोन मिनिटांनी ती माझ्याकडं बघायची. मी हात वर करायचे. आमच्या मधे नवरे होते, बायका होत्या, त्यांचे थर्मास होते, चिवड्याच्या पिशव्या होत्या. एका मास्तरांचा आणि त्यांच्या मिसेसचा सकाळपासून अबोला होता, अख्ख्या बसला माहीत होतं. ती दोघंही तोंडं फिरवून, पण एकाच बाकावर. त्यांची जोडी मोडायची नव्हती.

पाण्याच्या मध्यावर इंजिन बंद केलं. बायकांनी कोयनामाईची ओटी भरली, नारळ सोडला, तोही जोडीजोडीनं हात लावून. मग कुणाला तरी हुक्की आली आणि उखाणे सुरू झाले. ज्यांनी संबंध प्रवासात नवऱ्याला पाणी विचारलं नाही, त्याही नाव घेऊन लाजल्या. त्या अबोल्यातल्या मिसेसनीसुद्धा घेतलं. पुरुषांनीही घेतले, तेच ते भाजीत भाजी मेथीची. टाळ्या पडत होत्या. फेरी संपली तसे सर म्हणाले, "आता राहिल्या आपल्या दोघी. त्यांनी देवाचं नाव घ्यावं."

आमच्याकडं ज्या बाईला घ्यायला नाव नसतं तिला देवाचं नाव घ्यायला सांगतात. विधवेला, नांदत नसलेलीला, लग्न न झालेलीला. मायेनं सांगतात, हे सगळ्यांत वाईट. बायका आमच्याकडं बघत होत्या, आणि त्या बघण्यात एवढी दया होती की मला ती उचलून पाण्यात टाकावीशी वाटली. मी बोलायला उठणार, तेवढ्यात पलीकडून तिचा आवाज आला.

"मी घेते."

खांब सोडून ती उभी राहिली होती. लाँच हलत होती, पण आवाज स्वच्छ होता.

"धरनाच्या पान्याचा लागंना ठाव,
जिच्यासंगं सौंसार मांडला, तिचं घेते नाव."

आणि तिनं माझं नाव घेतलं. नुसतं नाव. मागं बाई नाही, ताई नाही. सात-आठ वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं, आणि मला भर उन्हात अंगावर काटा आला. मला कळलं की म्हसवडचं काय करायचं ते तिनं ठरवलं.

 सगळे लाँच फुटेल असे हसले. टाळ्या, शिट्ट्या, "वन्स मोअर!" एक मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "काय बाई विनोदी आहे तुमची मैत्रीण!" कुणी विचारलं, "मग घरात पोळ्या कोण लाटतं?" कुणी म्हणालं, "बाई, आता तुमची पाळी, नवऱ्यानं नाव घ्या!" पुन्हा हशा.

मी उभी राहिले आणि ओरडले, "यात हसण्यासारखं काय आहे?" मैदानावर पाचशे मुलींना गप्प करणारा माझा आवाज. तर ते आणखी जोरात हसले. त्यांना वाटलं, मीही नाटकात सामील आहे. माझा राग त्यांना उखाण्याचा दुसरा भाग वाटला. तुम्ही खरं बोलावं आणि समोरच्यानं पोट धरून हसावं, यावर काय करायचं असतं ते मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. शिवी दिली असती तर मी शिवी दिली असती. वाळीत टाकलं असतं तर मी भांडले असते. हसणाऱ्याशी कसं भांडायचं? ती हळूच खाली बसली आणि पुन्हा खांब धरला. मग मी डबा ओलांडला, लोकांच्या गुडघ्यांवरून, चिवड्यावरून गेले आणि तिच्या पायाशी फळीवर बसले. लाँच कलली. लाँचवाला ओरडला. ओरडू दे म्हटलं.

परतीला साताऱ्यात कंदी पेढ्यांसाठी बस थांबली. सरांच्या मिसेसनी एक पुडा आणून आमच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या, नवरा-नवरीला." मी तो पुडा खिडकीतून रस्त्यावर फेकला. "बाई लगेच चिडतात," असं पुढं कुणीतरी म्हणालं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, किंवा झोपेचं सोंग करत होती. कऱ्हाड गेलं तरी मी धुमसत होते.

मग तो रविवार आला. भाऊ सकाळच्या एस.टी.नं आला, डाळिंबं घेऊन. तिनं चहा ठेवला. त्यानं विचारलं, "आवरलीस का गं? धाची गाडी गाठाय पायजे."

ती ओट्यापाशी उभी राहूनच म्हणाली, "दादा, मी येनार न्हाई. माजं लगीन झाल्यालं हाय."

"झाल्यालं? कवा? कुनासंगं?"

"हिच्यासंगं."

मी हसण्याची वाट बघत होते. खरं सांगते, मी मुठी आवळून वाट बघत होते, की हा हसला तर मी याला सोडायची नाही. लाँचवरचं सगळं याच्यावर काढायचं. तो हसला नाही. त्यानं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आतल्या खोलीकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. मग त्यानं चहाची कपबशी खाली ठेवली, एक घोटही न घेता.

"मला वाटलंच हुतं," तो म्हणाला. "लय दिसापासनं वाटत हुतं. म्हनून तर स्थळ आनलं."

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? तू सांगितलं नसतंस तर मी येत राहिलो असतो." तो उठला. माझ्याकडं न बघता चपला घातल्या. "आता न्हाई येता यायचं."

ती दारापर्यंत गेली. "दादा, आईला भेटाय येऊ का?" तिनं विचारलं. तो मागं वळला नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत तो मिलिटरीतल्यासारखा ताठ चालत गेला, आणि कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला.

याचा मला राग येतो, सगळ्यांत जास्त राग येतो. जे हसले ते अजून आमच्याकडं लग्नपत्रिका पाठवतात. गणिताच्या सरांनी मुलीच्या लग्नात आम्हा दोघींना अगत्यानं वाढलं. ज्यांनी तिचं ऐकलंच नाही, त्यांच्या घरात आम्हाला पाट-पाणी आहे. जगात एकाच माणसानं तिचं बोलणं खरं मानलं, आणि तो तिचा भाऊ होता, आणि तोच उठून गेला.

त्या दिवाळीत भाऊबीजेला तिनं ताट केलं. सुपारी, करदोटा, निरांजन, सगळं. दुपारपर्यंत दाराकडं कान होता.  दिवस मावळल्यावर ती ताट घेऊन गच्चीवर गेली, मीही मागं गेले. पश्चिमेला बीजेची कोर होती, बारीक. जिला भाऊ नसतो ती बाई चंद्राला ओवाळते. तिनं ओवाळलं.

शेजारची काकू वाळवण काढत होती. ती म्हणाली, "आगं, चंद्राला का ओवाळतीस? तुला भाऊ हाय की!"

"हाय की," ती म्हणाली. "त्याला खरं सांगितलं."