हाताला इचार की

टॉवेल तपासायला घेतला की अक्का आधी डोळे मिटायची. तुम्ही पहिल्यांदा पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, बाई उभ्याउभ्या डुलकी काढतेय. माल बघायला आलेल्या एका व्यापाऱ्याने मालकांना तसं बोलूनही दाखवलं होतं. अक्काने डोळे न उघडताच टॉवेलच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं, तिथे लाल दोरा बांधला आणि म्हणाली, "हितं दोन लूप न्हाईत. साहेब, तुमी डोळे उघडून बघा." व्यापाऱ्याने चष्मा पुसून लावला, तेव्हा कुठे त्याला टॉवेलवरचे ते दोन सुटलेले दोऱ्याचे फास दिसले.

"पांढऱ्यात पांढरं काय दिसतंय? हाताला इचार की," असं ती आम्हाला दिवसातून दहादा तरी सुनवायची.

सोलापुरात भवानी पेठेतल्या एका लहानशा कारखान्यात आम्ही सहा जणी टॉवेल तपासायचो. अक्का वयाने सगळ्यांत मोठी. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी आणि माग बंद पडला की दोन्हींत एकदम शिव्या. सुपरवायझरला ती "बाळ" म्हणायची. त्या बाळाचं टक्कल पडलं होतं.

मी करमाळ्याहून मावशीकडे राहायला आले आणि तिथे कामाला लागले. एप्रिल महिना, डोक्यावर पत्रा, आणि माझ्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस, हातात सुती मोजे. कुणी विचारलं की मी सांगायचे, "धुळीची ॲलर्जी आहे." साफ खोटं होतं ते. माझ्या दोन्ही हातांवर कोड होतं, बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत, आणि ते वर सरकत होतं. रोज अंघोळीनंतर मी खिडकीशी उभी राहायचे आणि आदल्या दिवशी पेनाने काढलेल्या रेषेच्या ते पुढे गेलंय का बघायचे. रेष पुसली गेली असली की दिवसभर जीव थाऱ्यावर नसायचा.

करमाळ्यात मी कापडाच्या दुकानात होते. एका बाईने माझ्या हातातली साडी घेतली नाही. "दुसऱ्या कुणाला तरी दाखवायला सांगा," ती मालकांना म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मला मागच्या गोदामात बसवलं आणि आठवड्याभरात मी ते काम सोडलं. इथे तर टॉवेल, लोकांच्या उघड्या अंगाला, तोंडाला लागणारी वस्तू. कळलं तर मला दारातही उभं करणार नाहीत, हे मी धरूनच चालले होते. दुपारचा डबासुद्धा मी जिन्यात एकटीच बसून खायचे.

मोज्यातून हाताला काहीच कळत नाही, हे पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी डोळ्यांवर भागवत राहिले. व्हायचं तेच झालं. एका हॉटेलला गेलेले गठ्ठे परत आले. जागोजाग लूप सुटलेले, आणि प्रत्येक गठ्ठ्यात तपासणाऱ्याची चिठ्ठी असते, ती सगळीकडे माझी. सुपरवायझर म्हणाला, "हे कसं झालं ते संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

अक्काने बाकीच्यांना चहाला पिटाळलं.

"मोजे काढ."

"नको ना अक्का."

"काढ म्हनते की."

पळून जावं असं वाटलं, पण दाराला टेकून तीच उभी होती. मी मोजे काढले, बाह्या वर केल्या. अक्का बघतच राहिली.

"चिकटतंय व्हय हे?"

"नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, चिकटत नाही."

"खरंच?"

"खरंच, अक्का."

"मला जरा भ्या वाटलं बघ. खोटं कशाला बोलू?"

तुम्हाला नवल वाटेल, पण मला ते ऐकून बरं वाटलं. "त्यात काय एवढं" म्हणणारी आणि मी गेल्यावर पेला दोनदा घासणारी माणसं मी खूप पाहिली होती.

मग तिने माझा हात टेबलावर पालथा ठेवला आणि डोळे मिटले. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत आपला खरखरीत तळवा फिरवला. पुन्हा एकदा, उलट्या बाजूने.

"कुटनं कुटपर्यंत हाय गं हे?"

"तुमच्या हाताखालीच आहे."

"मला तर काय लागंना." तिने डोळे उघडले. "हात चांगला हाय की तुजा. झाकून वाया घालवलास."

मी रडायला लागले, तर तिने तेही धड करू दिलं नाही. "टॉवेलवर नको रडू. बाळ म्हनंल, परत आलेला माल भिजलाय बी." संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी परत आलेला टॉवेल अन् टॉवेल तपासला. उघड्या हाताला एकेक सुटलेला लूप लागत होता आणि मला माझीच लाज वाटत होती. सुपरवायझर बराच बडबडला, पण माझं काम टिकलं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तिने मला जिन्यातून उठवून आणलं. सगळ्यांच्या देखत आपली कडक भाकरी माझ्यापुढे सरकवली. "मोड. माजं बोट दुखतंय." बोटबीट काही दुखत नव्हतं. मी भाकरी मोडली, तुकडे मधे ठेवले आणि मान खाली घालून बसले. अक्काने तुकडा उचलून शेंगाचटणीला लावला. मग आणखी एकीने घेतला. एक जण मात्र उठून गेली आणि पुढे कितीतरी दिवस वेगळी बसत होती. अक्काने तिला कधी टोमणा मारला नाही. "तिला बी येळ लागंल की," एवढंच म्हणाली.

माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. अजूनही नव्या माणसासमोर हात आपोआप ओढणीत जातात. पेनाने रेष काढणं मात्र कधीतरी सुटलं.

गेल्या श्रावणात अक्का गेली. दोन दिवसांचा ताप, आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच मोबाईलवर निरोप आला. मी पोचले तेव्हा घरामागे साड्यांचा आडोसा धरून बायका तिला अंघोळ घालत होत्या. बहुतेक सगळ्या तापाचं ऐकून आधीच भिवंडीहून आलेल्या नातेवाईक, माझ्या अनोळखी. मी हात ओढणीत गुंडाळून पार मागे उभी राहिले. अशा वेळी कुणी काही बोललं तर काय, या धास्तीने रडूसुद्धा येत नव्हतं.

अक्काच्या सुनेने मला पाहिलं. तिने कोरडा टॉवेल पुढे केला. "ताई, या की. पाठ पुसायची ऱ्हायलीय."

मी ओढणीतून हात काढले. अक्काच्या पायाशी बसलेली एक म्हातारी दचकली. "अय्यो, हिच्या हाताला काय झालंय?"

"कोड हाय," सून म्हणाली. "तुमी खांदा धरा."

म्हातारीने खांदा धरला, आणि आम्ही तिघींनी मिळून अक्काला हळूच कुशीवर वळवलं.