पाण्याची संथा

संथा म्हणजे गुरूने एकदा म्हणायचे आणि शिष्याने ते ऐकून दोनदा म्हणायचे. मध्ये पुस्तक येत नाही. रामघाटावरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माझे यजमान वेदाची संथा देत, आणि मी लग्न होऊन आल्यापासून ती स्वयंपाकघरातून ऐकत आले. तोंडाने कधी म्हटली नाही. माझे शिक्षण चौथी, आणि आवाज असा की भाजीवाल्यालाही हाक ऐकू जात नाही.

गेल्या थंडीत ह्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणे गेले. हॉस्पिटलात बोलायला शिकवणारी एक बाई होती. तिने हिंदीत समजावले की रोज एकेक शब्द तुम्ही म्हणा आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्या. मोबाइलवर शब्द भरून ठेवले तर चालेल का, मी विचारले.

"नहीं माताजी, सामने बैठकर. मुँह दिखना चाहिए."

म्हणजे संथाच की. पण ती मी द्यायची आणि ह्यांनी घ्यायची?

घरी आल्यावर मी दार लावून हळूच 'पाणी' म्हटले. ह्यांनी डावा हात वर उचलला. पुटपुटणाऱ्या विद्यार्थ्याला ते असाच हात करत, आवाज चढव म्हणून. मला फार लाज वाटली. गल्लीत ऐकू जाऊ नये म्हणून खिडकीही लावली आणि मोठ्याने म्हटले. 'पा', ते म्हणाले. मग पुन्हा, 'पा'.

तेव्हापासून रोज सकाळी पाणी, चहा, भात. हळूहळू शब्द पुरे येऊ लागले, पण मी म्हटल्याशिवाय एकही नाही. स्वतःहून बोलतील तेव्हा खरे, असे ती बाई म्हणाली होती. आता जन्मभर हे माझ्या मागूनच म्हणणार की काय, याची मला भीती बसली.

मग प्रतिपदा आली. मी समोर बसले तर ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. प्रतिपदेला वेद शिकवत नाहीत, शिकत नाहीत, त्याला अनध्याय म्हणतात.

"अहो, हा काय वेद आहे? पाणी म्हणायला कसला अनध्याय?"

ते वळले नाहीत. मी रागाने तांदूळ निवडायला बसले.

दुपारी मागून आवाज आला, "पाणी."

सवयीने मी दुसऱ्यांदा ऐकायची वाट बघत राहिले. काही आले नाही. वळून पाहिले तर हे कपाळाला आठ्या घालून रिकाम्या तांब्याकडे बघत होते. मी तांदूळ तसेच टाकून उठले.