गॅरेजवरच्या खोलीतला व्हेंट

आई-वडिलांनंतर माझ्यावर सर्वात जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते वेस्ट विंडसरच्या काकांचे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी विसरलो. मी विसरलेलो नाही.

माझे वडील तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी चालवत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. मी एम.एस. करायला न्यू जर्सीत आलो आणि पहिल्याच सेमिस्टरला माझी राहण्याची सोय मोडली. काकांची ओळख तेव्हा फक्त तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झालेली. तरी ते स्वतः गाडी घेऊन आले आणि माझ्या बॅगा त्यांच्या बेसमेंटमध्ये नेऊन ठेवल्या. ते मेकॅनिकल इंजिनिअर, फार पूर्वी इकडे आलेले, आता निवृत्त. त्यांनी मला गाडी चालवायला शिकवलं. माझा रेझ्युमे ओळ न् ओळ खोडून पुन्हा लिहून घेतला. इंटरव्ह्यूत खुर्चीवर कसं बसायचं हेसुद्धा त्यांनी मला डायनिंग टेबलाशी बसवून दाखवलं.

त्यांची बोलायची तऱ्हा मात्र वेगळी होती. मला ते ‘गिरणीवाले’ म्हणत. मंडळाची माणसं घरी आली की सांगत, “याचं इंग्रजी म्हणजे चाळणी. पीठ आत राहतं, कोंडा तेवढा बाहेर पडतो.” लोक हसत, मीही हसत असे. आमच्या शाळेत मास्तर छडी मारत तीही आमच्या भल्यासाठीच, असं समजून मी मोठा झालो होतो. काकांचं बोलणं मी त्यातच धरलं.

काकूंशी बोलताना त्यांचा आवाज कधी चढत नसे. काकू एका दुकानाच्या फार्मसी काउंटरवर काम करत, दिवसभर उभ्याने. त्यांनी अंथरुणाला पाठ टेकली की काका उजळणी सुरू करत. बहिणीला फोनवर काय सांगितलंस? पाहुण्यांसमोर मध्येच का बोललीस? आमटी पातळ का झाली? बेसमेंटमध्ये हीटिंगचे डक्ट, म्हणजे गरम हवा खोल्यांत नेणारे पत्र्याचे नळ, माझ्या डोक्यावरूनच जात. त्यांतून शब्द कळत नसत, नुसता सूर येई, मोटार चालू राहावी तसा एकसारखा. मधूनच काकूंचं ‘हो’ ऐकू येई.

माझं एम.एस. संपलं त्या उन्हाळ्यात काकूंनी आपलं अंथरूण पॅसेजच्या पलीकडे, गॅरेजवरच्या खोलीत नेलं. “मला रात्रीची झोप हवी,” त्या म्हणाल्या, “बाकी सगळं आहे तसं चालेल.” काका चिडले नाहीत. “घे की खोली. थंडी पडली की येशील आपोआप,” एवढंच म्हणाले. मंडळात त्यांनी हा किस्सा विनोद म्हणून सांगितला. काकूंना त्या खोलीत हिवाळा काढायचा होता आणि काकांना तो काढू द्यायचा नव्हता. तेव्हापासून घरात दुसरा विषयच उरला नाही.

हिवाळ्याआधी हीटिंग तपासायचं काम आमच्याकडे खंडेनवमीला होई. गावी त्या दिवशी वडील गिरणीची मोटार पुसून तिला हळद-कुंकू लावत. इथे बेसमेंटमधल्या फर्नेसची, घर तापवणाऱ्या भट्टीची, पूजा होते हे पहिल्या वर्षी पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं. आधी तपासणी, मग पूजा, असा क्रम होता. थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलायच्या. फिल्टर नवा घालायचा, त्यावरचा बाण फर्नेसच्या दिशेने. बाहेर पाइपांच्या तोंडाशी साठलेली पानं काढायची. मग फर्नेस सुरू करून ज्योत बघायची. “निळी असेल तर झोपा, पिवळी असेल तर पळा,” काका दर वर्षी सांगत. सर्वात शेवटी मी टिश्यू पेपरची एक पट्टी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचो आणि गरम हवा जिथून वर येते त्या जमिनीतल्या प्रत्येक व्हेंटच्या जाळीवर ती धरायचो. पट्टी फडफडली की मी वरून ओरडायचो, “आली!” आणि काका खालून ओरडायचे, “पुढे!”

त्या वर्षी मला नुकतीच नोकरी लागली होती. कामावरून आलो आणि तसाच पट्टी घेऊन वर गेलो. काकूंच्या खोलीत शेवटी पोचलो. त्या कॉटवर बसून पूजेचं तबक लावत होत्या. खिडकीला त्यांनी नवा पडदा शिवला होता. मी जाळीवर पट्टी धरली. ती सरळ लोंबत राहिली.

“हलतेय का रे?”

“नाही, काकू.”

“नीट धर बघू. तूच श्वास रोखून बसलायस.”

मी जाळीला हात लावला. गार होती.

“गॅरेजवरची खोली ना,” त्याच मला समजावू लागल्या. “हे म्हणत होतेच, बिल्डरने इथे चालढकल केलीय. मी जाड ब्लँकेट आणून ठेवलंय.”

खालून आवाज आला, “काय गिरणीवाले, डुलकी लागली का?”

“इथे येत नाहीये, काका!”

“तिथे नाहीच यायची. पुढे!”

पुढे खोलीच नव्हती. मी बेसमेंटमध्ये उतरलो. गिरणीत पीठ पडेनासं झालं की वडील पट्ट्यावर नजर ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात. मी डक्टचं तसंच केलं. फर्नेसपासून हात लावत गॅरेजच्या बाजूला गेलो. ऊन, ऊन, ऊन, आणि एकदम गार. जिथून गार झालं तिथे डक्टमध्ये झडप होती. तिची मूठ डक्टला आडवी होती, म्हणजे झडप बंद, आणि मुठीवर चंदेरी टेपची कोरी पट्टी चिकटवलेली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. दोष सापडला होता!

“काका, बिल्डरचा दोष नाहीये! झडप बंद राहिलीय!”

काका फर्नेसचा पत्रा पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“राहिलेली नाही. केलेली आहे.”

मला कळायला वेळ लागला.

“पण काकूंचे हाल होतील थंडीत.”

“मग? हाल झाल्याशिवाय बाई पॅसेज ओलांडून येईल का?” त्यांनी फडकं झटकलं. “बघ, आरडाओरडा नाही, भांडण नाही. मूठ पाव वळसा फिरवली, संपलं. याला डिझाइन म्हणतात. तुमच्या कॉलेजात हे शिकवत नाहीत.”

“काका, मी उघडतो.”

“हात लावायचा नाही. घर माझं आहे. तू ज्या कॉटवर झोपतोस तीही माझी आहे.”

तेवढ्यात काकू तबक घेऊन जिना उतरल्या. नवी साडी, त्यावर स्वेटर. त्यांनी फर्नेसच्या पत्र्यावर हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, निरांजन ओवाळलं. मग हात जोडून त्या फर्नेसला हळूच म्हणाल्या, “यंदा माझ्या खोलीकडे जरा लक्ष ठेव गं बाई.”

मला राहवलं नाही. “काकू, तुमच्या खोलीची झडप बंद केलेली आहे. ती बघा, वर.”

त्यांनी वर पाहिलं. “चुकून झालं असेल.”

“चुकून?” काका म्हणाले. “माझ्याबरोबर आयुष्य काढलंस आणि मी चुकून काही करतो असं वाटतं तुला?”

काकू तबक धरून तशाच उभ्या राहिल्या. “अहो, मी आत्ता हिला हात जोडले.”

“जोड की. ती माझ्या शब्दाबाहेर नाही. तुझ्यासारखी नाही.”

मी स्टूल ओढलं, टेप सोलली आणि मूठ फिरवली. डक्टचा पत्रा तापून कडकड वाजू लागला. काकांनी मला अडवलं नाही. ते नैवेद्याची साखर तोंडात टाकत म्हणाले, “छान. उद्या तू कामावर गेलास की बंद करीन.”

आणि त्यांनी केली. मी संध्याकाळी उघडायची, त्यांनी सकाळी बंद करायची, असं काही दिवस चाललं. एके दिवशी येऊन पाहिलं तर मूठच कापून टाकलेली. पकड लावली तरी फिरेना. त्याच आठवड्यात ते जेवताना मला म्हणाले, “नोकरी लागली ना? आता स्वतःची जागा बघा, गिरणीवाले. बेसमेंटमध्ये फार वर टक लावून बसता.” मी स्टेशनजवळच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो.

जाताना मी काकूंना विजेचा हीटर आणून दिला. काका खाली जाऊन त्या खोलीच्या विजेचा ब्रेकर पाडून ठेवत. काकू उठून तो चालू करत, काका पुन्हा पाडत. पुढे काकूंनी उठणंच सोडलं. कोट घालून, कानांना रुमाल बांधून त्या झोपत. पॅसेज त्यांनी ओलांडला नाही.

संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू त्यांच्याकडेच होतं. काकू हातमोजे घालून तिळगूळ वाटत होत्या. कोणी तरी विचारलं, “हे काय गं, घरात हातमोजे?” काकूंच्या आधी काकाच बोलले, “फॅशन आहे. हिच्या खोलीत खोबरेल तेलाचा धोंडा झाला, पण ताठा काही गोठत नाही!” सगळे हसले. मी सर्वांच्या तोंडाकडे पाहिलं. चांगली माणसं होती, डॉक्टर, इंजिनिअर, माझ्या अडीअडचणीला धावून आलेली. त्यांना विनोद कळला होता एवढंच. काकूंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला तेव्हा हातमोजा काढला. बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि कडेने भेगा गेल्या होत्या.

“तुझ्या बिल्डिंगमध्ये एखादी खोली रिकामी आहे का रे?” त्यांनी हळूच विचारलं. “तिथे हीट भाड्यातच धरतात म्हणे.”

खोली होती. काकू आपल्या पगारावर तिथे राहायला आल्या, बर्फ पडत असताना, दोन बॅगा आणि तो शिवलेला पडदा घेऊन. बॅगा मी उचलल्या. काका दारात उभे होते. “सांभाळून ने,” ते मला म्हणाले, “परत आणताना तुलाच उचलायच्या आहेत.”

महिनाभराने त्यांचा फोन आला. “तुझं ऐकते ती. घेऊन ये. मी तुला माणसांत आणलं, एवढं तरी कर माझ्यासाठी.” मला फोनवर नाही म्हणता आलं नाही. वडीलधाऱ्यांना उलटून बोलायचं नाही हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं आहे की मी नुसता “हो काका, हो काका” करत राहिलो. फोन ठेवला आणि कागद घेऊन बसलो. पत्र असं होतं:

तीर्थरूप काका,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

फोनवर मी हो हो म्हणालो, तो होकार नव्हता. तोंडावर नाही म्हणायचं धैर्य झालं नाही म्हणून लिहितो आहे.

तुम्ही मला घरात घेतलंत, जेवू घातलंत, माझ्या नोकरीसाठी माझ्यापेक्षा जास्त झटलात. माझ्या वडिलांना हे सगळं ठाऊक आहे आणि ते तुमचं नाव हात जोडून घेतात. यातलं काहीही मी कधी नाकारणार नाही. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला मी दर वेळी येईन. डॉक्टरकडे जायचं असेल, एअरपोर्टवर जायचं असेल तर फक्त फोन करा. काकूंना परत आणायचं काम मात्र माझ्याकडून होणार नाही. कृपा करून ते पुन्हा सांगू नका.

तिथे तिला काय मोठं सुख आहे, असं तुम्ही विचारलंत. एकच खोली आहे. रेडिएटर जुना, वाफेचा आहे, तो कमी-जास्त करता येत नाही. इतकं गरम होतं की काकू खिडकी थोडी उघडी ठेवून झोपतात. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपतात.

‘ती माझ्याबद्दल काय म्हणते?’ हेही तुम्ही विचारलंत. त्या तुमचा विषय काढत नाहीत. म्हणून काल मीच काढला. काकांना काही सांगायचंय का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, “ब्लडप्रेशरच्या गोळ्या या आठवड्यात संपतील. रिफिल मागवायला सांग. माझ्या काउंटरवर नको, दुसऱ्या दुकानातून.”

तो निरोप कळवला. दुसरा निरोप नाही.

आपला आज्ञाधारक