युनूसभाईंचा डाएट चार्ट

प्रिंटरमधून कागद बाहेर आला. सोमवारच्या नाश्त्याच्या पहिल्याच ओळीत ब्लूबेरी होती. समोर युनूसभाई बसले होते. भोरचे राहणारे, वय बावन्न, वेल्ह्याकडच्या गावांतून दूध गोळा करून नसरापूरला पोचवणाऱ्या टेम्पोचे ड्रायव्हर. मी ब्लूबेरी खोडली आणि पेनने पेरू लिहिला.

दोन हजार सात-आठचा सुमार. मी आहारतज्ज्ञ. राहायला पुण्यात, पण दर गुरुवारी भोरच्या एका खासगी दवाखान्यात डायबेटिसच्या ओपीडीला जायचे. तिथल्या डॉक्टरांनी एका परदेशी वेबसाइटचं सभासदत्व घेतलं होतं. पेशंटचं वय, वजन, उंची, साखर, कामाचा प्रकार एवढं भरलं की ती वेबसाइट आठवड्याचा लो जीआय आहार तयार करून द्यायची. जीआय म्हणजे एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचं माप. मऊ पांढरा भात साखर झपाट्याने चढवतो, चवळीची उसळ हळूहळू. वेबसाइट हळू चढवणारे पदार्थ हिरव्या रंगात दाखवायची आणि झपाट्याने चढवणारे लाल.

कल्पना वाईट नव्हती. मला स्वतःला ती आवडली होती. हाताने चार्ट लिहायला अर्धा तास लागायचा, इथे पाच मिनिटांत काम व्हायचं. फक्त त्या यादीत आमचं जेवण नव्हतं. वरी नव्हती, हुलगे नव्हते, पिठलं नव्हतं. तांदळाची भाकरी शोधली तर ‘राइस ब्रेड’ यायचा, तोही लाल.

दुसरी अडचण मला पहिल्याच दिवशी दिसली. वेबसाइट गोळ्यांबद्दल काहीच विचारत नव्हती. मी डॉक्टरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “गोळ्या माझ्याकडे, जेवण तुमच्याकडे. सरळ विभागणी आहे.”

युनूसभाईंची साखर त्या दिवशी बरीच चढलेली होती. डॉक्टरांनी सकाळची गोळी एकाची दोन केली. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते आणि साखर खाली ओढते. पोटात अन्न आहे की नाही ते ती बघत नाही. त्यानंतर युनूसभाई माझ्या टेबलाशी आले. कामाचा प्रकार विचारणाऱ्या रकान्यात मी ‘बैठं काम’ निवडलं. ड्रायव्हर म्हणजे बसूनच काम, एवढाच विचार मी केला. त्यामुळे वेबसाइटने जेवण आणखी कमी केलं. नाश्त्याची वेळ आधीपासून आठची भरलेली होती. ती मी तशीच ठेवली.

त्यांनी कागद नीट बघितला आणि विचारलं, “भाकर अजिबात न्हाई?”

बाहेर बाकावर अकरा पेशंट बसले होते. मी म्हणाले, “लाल रंगातलं काही खायचं नाही. दोन-तीन आठवडे अगदी कागदाप्रमाणे करा. मग बघू.”

त्यांनी कागदाची घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

पुढच्या गुरुवारी ते आले तेव्हा साखर सुरेख उतरली होती. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी युनूसभाईंचा रिपोर्ट बाहेरच्या पेशंटना दाखवला. मलाही अभिमान वाटला. जाता जाता युनूसभाई म्हणाले की सकाळी गाडीवर हात जरा थरथरतात आणि घाम येतो. मला खटकलं. मी आत जाऊन डॉक्टरांना विचारलं, गोळी परत एकावर आणायची का. ते म्हणाले, शरीराला सवय होतेय, आकडे उत्तम आहेत, आता बदलू नका. मी बाहेर येऊन युनूसभाईंना खिशात बिस्किटं ठेवायला सांगितलं. बिस्किटं लाल यादीत होती. मी पुढच्या पेशंटला बोलावलं.

तिसऱ्या गुरुवारी मी नुकतीच येऊन बसले होते. एक जीप दवाखान्याच्या पायरीपाशी थांबली. दोघांनी युनूसभाईंना खांद्याला धरून आत आणलं. शर्ट घामाने भिजलेला, डोळे अर्धवट मिटलेले, तोंडातून अर्थ न लागणारे शब्द. वेल्ह्याच्या रस्त्यावर मार्गासनीच्या अलीकडे टेम्पो रस्ता सोडून भाताच्या खाचरात उतरला होता. कुणाला लागलं नव्हतं, पण कॅन उलटून सगळं दूध खाचरात गेलं होतं.

आणणाऱ्यांपैकी एकजण सिस्टरला म्हणाला, “सकाळसकाळ पिऊन बसलाय. नाव बी सांगता येईना त्याला.”

सिस्टरने बोट टोचलं. साखर अडतीस. निरोगी माणसाची उपाशीपोटी सत्तर ते शंभरच्या आसपास असते. अडतीसला मेंदूचं इंधनच संपत आलेलं असतं. माणूस झोकांड्या खातो, बरळतो, लांबून बघणाऱ्याला तर्र वाटतो. शिरेतून ग्लुकोज दिलं. वीस मिनिटांत युनूसभाई भानावर आले. त्यांनी आधी दुधाचं विचारलं. मग जीपवाल्यांचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं. ज्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नव्हता, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्यांची पत्नी जुबेदाभाभी तासाभरात आल्या. सोबत माझे दोन्ही आठवड्यांचे कागद होते. नववीतल्या त्यांच्या मुलीने रोज खाल्लेल्या पदार्थापुढे बरोबरची खूण केली होती. लाल रकान्यात एकही खूण नव्हती. नाश्त्याच्या ओट्सपुढे पहिले नऊ दिवस खुणा होत्या, नंतर नुसत्या आडव्या रेघा.

मी विचारलं, “ओट्स बंद का केले?”

“पुडा संपला. हितं दुकानात न्हाई मिळाला,” त्या म्हणाल्या. “मग काय खाणार? भाकरीवर तुमी फुली मारलेली. बिनसाखरेचा च्या अन् गोळ्या घेऊन पाच वाजता निघायचे.”

मी पहिल्यांदाच त्यांचा दिवस विचारला. पहाटे पाचला घर सोडायचं. चाळीस लिटरचे भरलेले कॅन स्वतः उचलून टेम्पोत चढवायचे, सतरा गावांत. आठ वाजता ते कुठल्यातरी वाडीच्या फाट्यावर असायचे. पोटात पहिला घास दहाच्या पुढे. पूर्वी निघताना दोन भाकऱ्या खात होते. त्या मी काढून घेतल्या होत्या. हे सगळं पहिल्या दिवशी दोन प्रश्नांत कळलं असतं.

संध्याकाळी फाइल लावताना मी केसपेपर बघितला. डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पेशंटने आहाराचं पालन केलं नाही.’ मी तो कागद घेऊन आत गेले. मुलीच्या खुणा दाखवल्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “ओट्स खाल्ले नाहीत ना? मग पालन केलं नाही. चुकीचं काय लिहिलंय?” बरं, चार्टवर सही माझीच होती, हेही त्यांनी लक्षात आणून दिलं.

मी गप्प बसले. घरी गेले. आज लिहितानाही त्या गप्प बसण्याचं समर्थन मला सापडत नाही.

चौथ्या गुरुवारी नवरा-बायको दोघं आले. दूध वाहतुकीच्या ठेकेदाराने युनूसभाईंना घरी बसवलं होतं. दारू पिऊन गाडी खाचरात घातली, असं त्या रस्त्यावर सगळीकडे झालं होतं. त्यांना एवढंच लिहून हवं होतं की दारू नव्हती, साखर उतरली होती. डॉक्टर नाही म्हणाले. “लिहून दिलं की उद्या आपल्यावर केस. तोंडी काय ते सांगा.”

मी माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं. अडतीसचा आकडा, वाढवलेली गोळी, कमी केलेलं जेवण, कामाचा प्रकार मी चुकीचा भरला तेही. एवढ्यावर न थांबता दुपारी त्यांच्याबरोबर एसटीने नसरापूरला गेले. मला वाटत होतं, आता सगळं मार्गी लागेल.

ठेकेदार सज्जन माणूस. त्याने खुर्ची दिली आणि पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाला, “मॅडम, तुमी लिवलंय ते खरं आसंल. युनूसभाई पिऊन न्हवते, हे आता मी चार माणसांत सांगीन. पण गाडी देता यायची न्हाई.”

“का?”

“पिऊन चालवली आसती तर महिनाभर बसवलं आसतं, दम दिला आसता, परत घेतलं आसतं. आमच्यात दोघं तसे हायेत. चालवताना शुद्ध जाणाऱ्या माणसाला गाडी कशी देऊ? शाळंची पोरं चालत्यात त्या रस्त्यानं.”

गोळी कमी केली की असं होणार नाही, हे मी परोपरीने सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी त्याने पत्राची घडी करून माझ्याच हातात दिली. त्याच्या जागी मी असते तर मीही गाडी दिली नसती.

परतीच्या एसटीत युनूसभाई खिडकीशी बसले होते. भोर जवळ आल्यावर म्हणाले, “तुमी लिवलं नसतं तर गाडी मिळाली आसती.” मग म्हणाले, “पण लिवलं ते बरं केलं. मशिदीत लोक बघत व्हते माझ्याकडं.”

पत्राची गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोचली. पुढच्या महिन्यापासून गुरुवारी येऊ नका, असा निरोप सिस्टरकरवी आला. माझ्या जागी नुकतीच शिकून आलेली एक मुलगी बसली आणि दाराशी ‘संगणकीकृत आहार सल्ला’ असा बोर्ड लागला. वेबसाइट पुढे दोन वर्षं चालली, असं ऐकलं.

युनूसभाई चुलतभावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसू लागले. त्यांनी दुसरा डॉक्टर गाठला, गोळी एकावर आली. त्यांचा चार्ट मी वहीच्या पानावर हाताने लिहून दिला. सकाळी एक नाचणीची भाकरी, त्याबरोबर मटकीची नाहीतर चवळीची उसळ, गोळी जेवणाच्या आधी, जेवण नसेल तर गोळी नाही. साखर आटोक्यात राहिली. आता त्यांचं काम खरोखरच बैठं होतं.

असे प्रोग्राम मी आजही वापरते. हिशेब ते माझ्यापेक्षा नीट करतात. आमच्या धंद्यात एक कायमची तक्रार असते, की पेशंट सांगितलेलं पाळत नाहीत. मी ती तक्रार सोडून दिली आहे. न पाळणारा निदान स्वतःच्या भुकेचं ऐकतो. पाळणाऱ्याला दिलेला कागद मात्र मी आता तीनदा वाचते.