मेडशीच्या पुंजाजींची सहल

पुंजाजी माणसं मोजत नसत. ताटं, वाट्या, सतरंज्या, खुर्च्या हे सगळं ते मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे, कारण मेडशीत त्यांचं मंडप-बिछायतीचं दुकान होतं. पण सहलीच्या गाडीत चढलेल्या माणसांवरून त्यांनी कधी बोट फिरवलं नाही. "भांडे मोजाचे, मानसं नाई मोजाचे. नजर लागते," असं म्हणत. मग कोणी मागे राहिलं तर कळायचं कसं? त्याची त्यांची एक रीत होती. गाडी सुटण्याआधी ते पुढून मागपर्यंत जायचे आणि प्रत्येकाला त्याच्या सोबत्याबद्दल विचारायचे, "तुमची जोडी बसली का?" नवऱ्याला बायकोबद्दल, जावेला जावेबद्दल, एकट्या म्हाताऱ्याला शेजारच्याबद्दल. सगळ्यांचं "हाव" आलं की ड्रायव्हरला खूण करायचे.

त्या रीतीत खोट नव्हती. खोट कुठे होती, ते सांगायला मी फार उशीर केला आहे.

दिवाळी झाली, सोयाबीन विकलं गेलं आणि तूर अजून वावरात उभी आहे, अशा मधल्या दिवसांत पुंजाजी गावातल्या लोकांना लक्झरी करून फिरायला नेत. वाटेत देवदर्शन असेच, पण त्यांचा खरा जीव जुन्या गावांत, पडक्या किल्ल्यांत, बऱ्हाणपूर, महेश्वर, मांडूत. इतिहास ते कुठे शिकले नव्हते. तिथल्या गाइडांकडून ऐकलेलं आणि स्वतःच्या डोक्यातलं असं मिसळून सांगायचे. अर्धं चूक असायचं. पण ते बोलू लागले की दुसऱ्या गाड्यांतली माणसंसुद्धा येऊन उभी राहायची.

मी वाशीमला नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. माझी पत्नी सुमन मेडशीची. म्हणजे मी अख्ख्या मेडशीचा जावई. आमच्याकडे गावच्या जावयाला चारचौघांत कोणी नावं ठेवत नाही. त्यानं भाजीत मीठ कमी म्हटलं, तर चाखून न पाहता मीठ आणून देतात. सुमननं हट्ट धरला म्हणून आम्ही त्या वर्षी सहलीला नाव दिलं आणि पहाटे मेडशीच्या स्टँडवर पोचलो.

"या जवाईबुवा, या. तुमाले पुढची सीट ठेवली," म्हणत एक उंच, काटकुळा माणूस हात जोडून पुढे आला. मग माझ्या मागे पाहून म्हणाला, "काय व सुमे, उलटीची गोळी घेतली का? जत्रेले जाताना साऱ्या बैलगाडीचे कपडे खराब केल्ते तुनं!"

"गप रे पुंजा! तूच मले कच्च्या चिंचा चारल्या होत्या," असं म्हणून सुमन मोठ्यानं हसली.

मी तिच्याकडे पाहत राहिलो. आमच्या लग्नाला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. तिला कोणी "सुमे" म्हणतं हे मला माहीत नव्हतं. ती अशी तोंडावर पदर न घेता हसते, हेही माहीत नव्हतं. दोघं एका वर्गात शिकलेली, एका गल्लीत वाढलेली. गावच्या नात्यानं तो तिचा भाऊच. त्यात वावगं काही नव्हतं, आणि नव्हतं म्हणूनच मला तक्रार करता येत नव्हती. जळणं मात्र गाडीनं अकोला सोडण्याआधीच सुरू झालं होतं.

बऱ्हाणपूरला मी तयारीनं गेलो होतो. महिनाभर पुस्तकं चाळली होती. तिथल्या शाही हमामात उभं राहून मी सर्वांना मुघलांची वंशावळ सांगायला लागलो. शहाजहानपर्यंत पोचलो, तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "साहेब, चाय कवा हाय?"

पुंजाजींनी त्याला दटावलं, "आयक ना बे, जवाईबुवा सांगून राह्यले." मी उरलेलं कसंबसं संपवलं. मग बायकांनी त्यांनाच गळ घातली. ते भिंतीला टेकून हळू आवाजात म्हणाले, "याच गावात बाश्शाची बायको गेली. चौदावं बाळंतपन. तेच्यापायी त्यानं ताजमहाल बांधला म्हन्तात. आता मले एक सांगा, आदी एक चांगली सुईन आनून ठेवली असती तं?"

एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. सुमननं माझ्या वंशावळीच्या वेळी पिशवी आवरली होती. आता ती भिंतीकडे एकटक पाहत होती. त्यानंतर ती माझ्या शेजारची जागा सोडून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बायकांत जाऊन बसू लागली, कारण पुंजाजी तिथे बसून गोठी सांगत. वऱ्हाडात गोष्टीला गोठ म्हणतात. माझ्याकडे गोठ नव्हती. माहिती होती.

आणखी एका गोष्टीचा मला राग यायचा. पुंजाजींना सगळ्यांचं सगळं ध्यानात असे. कोणाला बिनसाखरेचा चहा लागतो, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला चढण नको. सुमनला साखर आहे हे मी तिला घरी रोज बजावत होतो. पण तिच्यासाठी न विसरता वेगळा कप आणायचे ते पुंजाजी.

मांडूला आम्ही राणी रूपमतीच्या महालावर चढलो. पुंजाजी सांगू लागले, "रानी म्हने, नर्मदामाय दिसल्याबिगर मी पानी पेनार नाई. राजानं काय केलं? एवढ्या उच्चावर तिच्यासाठी हे बांधलं. रोज सकाळी या, माय पाहा, मंग जेवा." मग पुरुषांकडे वळून, "अन् तुमी बे? बायकोसाठी काय बांधलं? म्हशीसाठी तं गोठा बांधला ना?"

सगळे हसले. सुमन सर्वांत जास्त हसली आणि हसता हसता तिनं माझ्याकडे पाहिलं. मला ते लागलं. मी म्हणालो, "ही मूळची फौजेची टेहळणीची चौकी आहे. राणीचं नंतर चिकटवलेलं."

"राहू द्या ना," सुमन हळूच म्हणाली.

"जवाईबुवा म्हन्तात ते खरंच आसन," पुंजाजी शांतपणे म्हणाले. "पन फौजेची गोठ आयकाले एवढी चढन कोन चढन?"

पुन्हा हशा. मी तडक खाली उतरलो आणि गाडीत जाऊन बसलो. त्या दिवशी धुकट होतं, नर्मदा दिसत नव्हती. सुमन वरच थांबली होती. धुकं विरलं तर दिसेल, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. हे मला नंतर कळलं.

गाडी भरली. पुंजाजी विचारत विचारत माझ्यापर्यंत आले. "जवाईबुवा, तुमची जोडी बसली का?"

शेजारची जागा रिकामी होती. ती केबिनमध्येच असणार, त्याच्या गोठी ऐकायला, असं मी धरून चाललो. मान वळवली असती, चार पावलं पुढे गेलो असतो, तर कळलं असतं. मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो, "बसली."

ती जागा एरवीही रिकामीच असे. त्यांनी माझा शब्द खरा मानला. एका म्हाताऱ्याला चक्कर येत होती म्हणून ते मागे त्याच्याजवळ जाऊन बसले. केबिनमधल्या बायकांना वाटलं, सुमन नवऱ्याजवळ आहे. गाडी घाट उतरून महेश्वरच्या रस्त्याला लागली.

चहाला थांबलो तेव्हा पुंजाजी बिनसाखरेचा कप घेऊन गाडीभोवती फिरले. "सुमाताई कोठी हाय?" पुन्हा फिरले. मग कप तिथेच ठेवून ते धावत माझ्याकडे आले. सुमनचा मोबाइल माझ्या खिशात होता.

मी घाबरलो होतो हे खरं. पण भीतीपेक्षा लवकर तोंडातून दुसरंच बाहेर पडलं. सगळ्यांसमोर मी ओरडलो, "माणसं मोजत का नाही तुम्ही? बाईमाणूस मागे राहिलं! तुम्हाला गोष्टी सांगण्यातून फुरसत आहे का?"

पुंजाजींनी माझ्याकडे पाहिलं. आजूबाजूला सगळं मेडशी उभं होतं आणि मी मेडशीचा जावई होतो. "चुकलं जवाईबुवा," ते म्हणाले. "माह्यंच चुकलं."

एक जीप ठरवून आम्ही दोघं परत वर गेलो. सुमन महालाच्या पायथ्याशी गोरखचिंचा विकणाऱ्या एका बाईजवळ बसून चिंच चोखत होती. डोळे सुजले होते, पण आम्हाला पाहून उठली. "दिसली," ती म्हणाली. "चांदीच्या तारेवानी दिसली नर्मदामाय." मग पुंजाजींना म्हणाली, "काय रे पुंजा, मले इसरला?"

ते माझ्याकडे पाहू शकले असते. पाहिलं नाही. "इसरलो व सुमे. म्हतारा झालो आता."

मी तिच्या बाजूला उभा होतो. गप्प राहिलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी माझं पाप लहान राहिलं असतं. वाशीमला आल्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना मी ही हकीकत सांगितली. लोक हसले. मला चव लागली. बऱ्हाणपूरला जे जमलं नव्हतं ते आता जमू लागलं. माझ्याकडेही एक गोठ आली होती. लग्नात, बारशात, मेडशीतसुद्धा मी ती सांगायचो. पुढच्या वर्षी काही घरांनी नावं मागे घेतली. "आईले धाडाचं कसं? तो बायाच इसरून येते," असं पोरं म्हणू लागली. दोन-तीन हंगाम पुंजाजींनी गाडी भरायची खटपट केली. मग सोडून दिलं. दुकानावर सतरंज्या झटकत बसायचे, आणि कोणी फिरून आलं की त्याला जवळ बसवून "काय पाह्यलं?" असं विचारायचे.

ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी एकटाच मेडशीला गेलो. खोलीत कोणी नव्हतं. म्हणालो, "पुंजाजी, तुम्ही मला विचारलं होतं. मी 'बसली' म्हणालो होतो."

"मले याद हाय. तुमी खिडकीतून बाहीर पाहून राह्यले होते."

"मग बोलला का नाहीत? निदान नंतर?"

"पहिले जवाई म्हून नाई बोल्लो. मंग सुमीसाठी नाई बोल्लो. परक्यानं इसरलं तं हासू येते जवाईबुवा. घरच्यानं इसरलं तं पोटात राह्यते. तिले सांगू नोका."

मी मान हलवली. त्यांच्या मोठेपणानं मी भारावलो असं लिहायला हवं, पण आधी वाटली ती सुटका. नंतर वाटला संताप, की माझ्या बायकोच्या पोटात काय राहील याची काळजी या माणसानं का करावी.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. तेरवीला आम्ही दोघं गेलो होतो. पंगतीत कोणीतरी मांडूची आठवण काढलीच. "बिचारा, सुमाताईलेच इसरून आल्ता." सगळे हसले, सुमनही हसली. मी हातातला घास ताटात ठेवला.

घरी आल्यावर ती नेसलेल्या लुगड्याची घडी घालत होती. पुंजाजींना दिलेला शब्द मी तिथे मोडला. खिडकी, प्रश्न, माझं उत्तर, सगळं सांगितलं. ती ओरडेल, रडेल, माहेरी फोन लावेल, अशी मी वाट पाहत होतो.

घडी तशीच हातात धरून ती पलंगावर बसली.

"म्हंजे पुंजा मले इसरला नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"साऱ्यायचं ध्यानात ठेवनारा मानूस मलेच कसा इसरला, हे मले इतके वर्ष सलत होतं. हासून सांगत होती मी, पन सलत होतं."

ती रडू लागली आणि रडता रडता तिचा चेहरा उजळत गेला. पुंजाजींचा अंदाज चुकला होता. माझ्या विसरण्याबद्दल तिनं एक शब्दही विचारला नाही. ते बहुधा तिला नवीन नसावं. ती मला शिव्या देती तर बरं झालं असतं. पण त्या घटकेला खोलीत मी नव्हतोच. ती होती आणि तिला न विसरलेला तिच्या गावचा एक माणूस होता. मी दाराशी उभा राहून ते पाहत होतो. सगळं खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहितो: तेव्हाही मला त्यांचा हेवाच वाटला.