गोल मूठ आणि ओला पंचा

न्हाणीघराच्या दाराला मी हौसेने पितळेची गोल मूठ बसवली. दुकानात ती तीनदा फिरवून पाहिली होती. फिरवणारा हात माझा होता, एवढी साधी गोष्ट तेव्हा ध्यानात आली नाही.

परवा सासूबाई आंघोळीला गेल्या आणि आतच अडकल्या. मनगटं संधिवाताने धरलेली, त्यात हात ओले. मुठीचंच बटण दाबून आतून बंद केलेलं ते दार बाहेरून उघडेना. मी ओरडलो, "जरा जोर लावा आई, अगदी सोपं आहे."

"तुम्हाला सोपं," आतून आवाज आला. "घटकाभर गप्प उभे राहा, जावईबापू."

मी सुताराला बोलवायला निघणार, तोच दार उघडलं. सासूबाईंनी मुठीला पंच्याचे दोन वेढे दिले होते आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तसं एक टोक ओढलं होतं. मनगटाचं काम त्यांनी खांद्यावर सोपवलं होतं.

मी बघतच राहिलो. आपण आपलीच मूठ साऱ्या जगाची मूठ समजून वस्तू आणतो. ज्यांच्या हाताला ती दाद देत नाही, ते बिचारे कुरकुर न करता आपला पंचा शोधतात. घरोघरी असे किती पंचे असतील, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी दांडीचं हँडल आणलं आणि बसवल्यावर आधी सासूबाईंनाच बोलावलं. त्यांनी ते नुसत्या कोपराने खाली दाबलं, दार उघडलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"छान आहे. आता तुम्हालाही जमेल."